घरचा वैद्य : ताप उतरला, दुखणें उरलें

सन २०२५ च्या संक्रांतीच्या सुमारास पोलादपूरहून एका भगिनीचें पत्र आमच्या हातीं आलें. त्यांच्या अनुमतीनें, नांवगांवाचा तपशील गाळून, त्यांतील मुख्य मजकूर येथें देतों. त्या लिहितात :

"सन २०२४ च्या श्रावणांत मी भावाकडे पुण्यास गेलें असतां मला ताप आला. तो चिकुनगुन्याचा, असें रक्त तपासून डॉक्टरांनीं सांगितलें. चार दिवसांत ताप उतरला. गौरी-गणपतीस मी घरीं परत आलें, परंतु हातापायांचे सांधे आजपर्यंत धरलेले आहेत. सकाळीं उठतांना मुठी मिटत नाहींत. दुधाचें पातेलें उचलवत नाहीं, भाकरी थापवत नाहीं. परवां हळदीकुंकवाच्या वेळीं करंड्याचें झांकण उघडेना, तेव्हां शेजारच्या मुलीकडून तें उघडून घेतलें. घरांत आम्ही चौदा माणसें. कोणी टाकून बोलत नाहीं; पण 'ताप जाऊन पांच महिने झाले' हें वाक्य दिवसांतून एकदां तरी कानीं पडतें. आतां माझें मलाच वाटूं लागलें आहे, कीं हें दुखणें शरीराचें कीं माझ्या मनाचें? कृपा करून उत्तर द्यावें, आणि तें मासिकांतच द्यावें, म्हणजे घरांतील सर्वांच्या वाचनांत येईल."

पत्रांतील शेवटचें वाक्य वाचून आम्ही कांहीं वेळ तसेच बसून राहिलों. जें घरांत तोंडानें सांगतां येत नाहीं, तें छापून आलें म्हणजे कदाचित् ऐकलें जाईल, अशी ही आशा आहे. म्हणून उत्तर आधीं एका वाक्यांत देतों : ताई, आपलें दुखणें खरें आहे, तें शरीराचें आहे, आणि त्यांत आपला कांहींएक दोष नाहीं. आतां तें कसें, हें घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं थोडें सबुरीनें वाचावें अशी विनंति आहे.

प्रथम या रोगाच्या नांवाविषयीं. 'चिकुनगुन्या' हा शब्द ऐकून तो कोंबडीच्या मांसापासून होतो, असा समज कित्येकांनीं करून घेतला होता. "आमच्या घरीं तर कांदालसूणही चातुर्मासांत वर्ज्य, मग हा रोग आमच्याकडे कसा?" असें एका आजोबांनीं आम्हांस मोठ्या गंभीरपणें विचारलें होतें! खरी गोष्ट अशी, कीं सन १९५२-५३ मध्यें पूर्व आफ्रिकेंतील टांगानिकाच्या, म्हणजे आजच्या टांझानियाच्या, दक्षिण भागांत या रोगाची सांथ प्रथम ओळखली गेली. तेथील माकोंडे लोकांच्या भाषेंत या शब्दाचा अर्थ 'जें माणसास वांकवून टाकतें तें' असा आहे. सांध्यांच्या वेदनेनें रुग्ण वांकून चालूं लागतो, त्याचें हें शब्दचित्र होय. ज्यांनीं रोग प्रथम सोसला, त्यांनीं तापाचें नव्हे तर वांकलेल्या पाठीचें नांव त्यास दिलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आपल्या देशांत हा रोग सन १९६३ मध्यें कलकत्त्यास ओळखला गेला. महाराष्ट्रांत सन १९७३ मध्यें सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें त्याची मोठी सांथ आली. दर शंभर माणसांत सुमारें ३७ जण आजारी पडले, असें त्या वेळच्या पाहणींत आढळलें. त्यानंतर तीसबत्तीस वर्षें हा रोग जवळजवळ विस्मरणांत गेला आणि २००५-०६ मध्यें पुन्हां अवतरला. २००६ या एका वर्षांत देशभर तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली, आणि त्यांत महाराष्ट्राचा वांटा मोठा होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें, जी १९५२ सालीं विषाणु संशोधन केंद्र म्हणून निघाली होती, त्या वेळीं रुग्णांच्या रक्तांतील विषाणूची वंशावळ तपासली. पूर्वीच्या सांथींतील विषाणु आशियाई कुळांतला होता. हा नवा मात्र आफ्रिकेंतील कुळाचा होता. २०२४ च्या पावसाळ्यांत पुण्यास हा रोग पुन्हां फैलावला, आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनी त्याच्याच तडाख्यांत सांपडल्या.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ताप जातो, मग दुखणें कां राहतें?

आपणांस सामान्यतः असें वाटतें, कीं विषाणु शरीरांत शिरतो, तो त्रास देतो, आणि तो गेला म्हणजे त्रास संपतो. हा हिशेब सरळ आहे, परंतु अपुरा आहे. कारण रोगांतील बराचसा त्रास विषाणु देत नसून आपलें स्वतःचें शरीर त्याच्याशीं झुंजतांना देत असतें. डास चावल्यावर विषाणु रक्तांत मिसळतो, पेशींत शिरून आपल्या हजारों प्रती काढतो, आणि मग शरीर जागें होतें. आक्रमण झालेल्या पेशी इंटरफेरॉन नांवाचें द्रव्य सोडतात. सन १९५७ मध्यें लंडन येथें त्याचा शोध लागला. शेजारच्या पेशींना 'दारें लावून घ्या' असा तो निरोपच असतो. त्याच्या मागोमाग पांढऱ्या पेशी धांवून येतात, त्या आणखी निरनिराळे निरोप सोडतात, रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांतील द्रव बाहेर झिरपतो, अंग तापतें. लाली, सूज, उष्णता आणि वेदना हीं दाहाचीं चार लक्षणें सेल्सस या रोमन लेखकानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतच सांगून ठेवलीं आहेत. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस प्रतिपिंडें, म्हणजे नेमक्या त्याच विषाणूस धरणारीं द्रव्यें, रक्तांत तयार होतात. आणि बहुधा आठवड्याभरांत रक्तांतील विषाणु नाहींसा होतो. ताप उतरतो. घरांतील माणसें म्हणतात, 'बरें झालें, सुटली एकदांची.'

परंतु चूल विझली म्हणून राखेंत हात घालावा असें नाहीं, हें आपल्या घरांतील प्रत्येक स्त्रीस ठाऊक आहे. या विषाणूस सांध्यांच्या आंतील मऊ अस्तर विशेष मानवतें. त्या अस्तरांत भक्षक पेशी असतात. नको असलेली वस्तु गिळून नाहींशी करणें हें त्यांचें काम. हिंदी महासागरांतील रेयुनियन बेटावर २००५-०६ मध्यें मोठी सांथ आली होती. तेथील एका रुग्णाच्या सांध्याचें अस्तर ताप गेल्यावर १८ महिन्यांनीं तपासलें, तेव्हां भक्षक पेशींत विषाणूचे अवशेष आढळले आणि भोंवतीं दाह चालूच होता. पुढें कोलंबियांतील रुग्णांच्या सांध्यांतील द्रव जवळजवळ दोन वर्षांनंतर तपासला, त्यांत मात्र विषाणूचा मागमूस लागला नाहीं. तरीही ते सांधे दुखत होते. म्हणून शास्त्रज्ञांत दोन मतें आहेत. एक म्हणतें, राखेखालीं निखारा शिल्लक राहतो. दुसरें म्हणतें, निखाराही विझतो, पण आग विझवावयास आलेली मंडळी घरीं परत जात नाहींत आणि घरांतच नासधूस करीत राहतात. दोन्ही गोष्टी निरनिराळ्या रुग्णांत खऱ्या असूं शकतील. उंदरांवरील प्रयोगांतून इतकें दिसलें आहे, कीं पांढऱ्या पेशींतील एक विशिष्ट प्रकार काढून टाकला, तर अंगांत विषाणु असूनही सांध्यांची सूज फारच कमी येते. म्हणजे सुजेचा कर्ता मुख्यतः शरीराचा स्वतःचा बंदोबस्तच होय.

हें चिकुनगुन्यापुरतेंच आहे असें समजूं नये. २०२० मध्यें करोनाच्या सांथींत कित्येक मुलांना अगदीं सौम्य आजार झाला, आणि तीनचार आठवड्यांनीं, सर्व कांहीं ठीक झालेलें असतां, एकाएकी तीव्र ताप, अंगावर पुरळ, हृदयावर ताण अशी भयंकर अवस्था ओढवली. तोही प्रतिकारशक्तीचाच उशिरा उसळलेला क्षोभ होता. अमेरिकेंतील एक कोटींहून अधिक सैनिकांच्या जुन्या रक्तनमुन्यांचा अभ्यास २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें, कीं एप्स्टाइन-बार नांवाचा अत्यंत सामान्य विषाणु ज्यांना लागला, त्यांच्यांत मज्जातंतूंचें आवरण झिजविणारा एक आजार होण्याचा संभव पुढें सुमारें ३२ पटींनीं वाढला. तो विषाणु बहुतेक सर्वांनाच लागतो आणि तो आजार फारच थोड्यांना होतो, म्हणून यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. तात्पर्य एवढेंच, कीं विषाणु जातो आणि त्यानें उठविलेलें वादळ मागें राहूं शकतें, ही गोष्ट आज वैद्यकशास्त्रास पुरती मान्य आहे.

चिकुनगुन्या झालेल्यांपैकीं किती जणांचे सांधे तीन महिन्यांनंतरही दुखतात? निरनिराळ्या ठिकाणचे आंकडे निरनिराळे आहेत. स्थूलमानानें चौघांत एक येथपासून दोघांत एक येथपर्यंत. चाळिशी ओलांडलेले, पूर्वीपासून सांध्यांचा विकार असलेले, आणि पहिल्या आठवड्यांत ज्यांना फार तीव्र वेदना झाल्या असे रुग्ण त्यांत अधिक असतात. स्त्रियांचें प्रमाणही पुरुषांहून जास्त आढळतें. बहुतेकांना महिन्यामहिन्यांनीं उतार पडतो, परंतु कांहींचें दुखणें वर्ष, दोन वर्षें आणि क्वचित् त्याहूनही अधिक रेंगाळतें. सकाळीं सांधे आंखडलेले असणें, उन्हें वर आल्यावर थोडें मोकळें वाटणें, चार दिवस बरे जाऊन पांचव्या दिवशीं पुन्हां जोर होणें, हा त्याचा स्वभावच आहे. त्यामुळेंच घोंटाळा होतो. दुपारीं जी सून नीट हिंडते-फिरते, ती सकाळीं कण्हत होती हें पाहणाऱ्यास खरें वाटत नाहीं.

इतकें उत्तर लिहून झालें होतें, तोंच माघांत एका मुंजीच्या निमित्तानें आम्हांस महाडास जावें लागलें. महाडाहून पोलादपूर तें कितीसें दूर! सावित्रीच्या कांठाकांठानें अर्ध्या तासाची वाट. त्या घरीं पूर्वसूचना देऊन गेलों. घर जुनें, ऐसपैस, माणसें सुशिक्षित आणि अगत्यशील. यजमानांनीं आंबेनळी घाटाच्या गोष्टी सांगितल्या, चहा झाला, आणि मग आम्हीं पत्राचा विषय काढला. सून दाराआड उभी होती. सासूबाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हा ताप मलाही येऊन गेला आहे. २००६ सालीं लेकीच्या बाळंतपणाला सोलापूरकडे गेलें होतें, तेथें आला. माझेही गुडघे धरले होते. पण मी कधीं कोणाजवळ बोललें नाहीं. काम कांहीं अडूं दिलें नाहीं."

आम्हीं विचारलें, "किती दिवस दुखत होते?"

त्या थोड्या थांबल्या. "दोन दिवाळ्या," त्या म्हणाल्या. "उठतांना जात्याच्या खुंट्याला धरून उठत असें. पहांटे कोणी उठण्यापूर्वीं गरम पाण्यानें शेकून घेत असें, म्हणजे दिवसभर कोणाच्या लक्षांत येत नसे."

यजमान चकित होऊन त्यांच्याकडे पाहूं लागले. अठरा वर्षांत ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली नव्हती. "मला कां नाहीं सांगितलेंस?" असें त्यांनीं विचारलें. त्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "सांगून काय झालें असतें? ताप तर गेला होता."

या उत्तरावर आम्हांस बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. ज्या बाईनें स्वतः दोन वर्षें दुखणें सोसलें, तिनेंच सुनेच्या दुखण्यास कमी लेखावें हें वरवर पाहतां कठोर दिसेल. परंतु तें कठोरपण नव्हतें. आपल्या दुखण्यास कोणी नांव दिलें नाहीं, म्हणून तें दुखणेंच नव्हे, असें त्यांनीं स्वतःस समजाविलें होतें. आणि तीच समजूत त्या सुनेस देऊं पाहत होत्या. एकत्र कुटुंबांत सोशिकपणा हा मोठा गुण मानला जातो, आणि तो आहेही. परंतु सोशिकपणाच्या झांकणाखालीं एखादा आजार अठरा वर्षें दडून राहूं शकतो, हें त्या दिवशीं आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें.

आतां उपायांविषयीं. पहिल्या आठवड्यांत, ताप असतांना, विश्रांति, भरपूर पेय पदार्थ आणि वैद्याच्या सल्ल्यानें पॅरासिटामॉल एवढेंच पुरेसें असतें. त्या दिवसांत ॲस्पिरिन किंवा तत्सम तीव्र वेदनाशामक गोळ्या आपल्या मनानें घेऊं नयेत. डेंग्यूही त्याच डासापासून आणि त्याच ऋतूंत होतो, आणि डेंग्यूंत या गोळ्यांनीं रक्तस्राव होण्याचें भय असतें. 'एका इंजेक्शनांत सांधे मोकळे' असें आश्वासन कोणी दिलें, तर त्यांत बहुधा स्टेरॉईड असतें. तें सुरुवातीस टोंचून घेणें धोक्याचें आहे. तात्पुरतें बरें वाटून पुढें दुखणें उलटूं शकतें. मलेरियावरील क्लोरोक्विन हें औषध सुरुवातीस दिल्यानें पुढील सांधेदुखी टळेल असें कांहींना वाटत होतें. रेयुनियन बेटावर त्याची रीतसर परीक्षा झाली, तींत कांहीं लाभ दिसला नाहीं.

तीन महिने लोटूनही सांधे दुखत असतील, तर मात्र स्वस्थ बसूं नये. सांध्यांच्या विकारांचे तज्ज्ञ गांठावेत. आमवातासारखा दुसरा एखादा विकार या निमित्तानें डोकें वर काढीत नाहीं ना, हें रक्त तपासून पाहतां येतें. खरी सूज असेल, तर प्रतिकारशक्तीचा हा क्षोभ शमविणारीं औषधें आहेत. तीं तज्ज्ञांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं असतात. घरीं करण्यासारखें म्हणाल, तर सकाळीं कोमट पाण्यांत हात बुडवून बोटें हळूहळू उघडावीं-मिटावीं. सांधे अगदीं निजवून ठेवूं नयेत आणि राबवूंही नयेत. पाणी भरणें, पिळे घालणें, जड पातेलीं उतरविणें हीं कामें त्या काळापुरतीं दुसऱ्या हातांनीं करावीं. चौदा माणसांच्या घरांत अठ्ठावीस हात असतात, आणि त्यांतले निम्मे पुरुषांचे असतात, एवढें सुचवून थांबतों.

राहतां राहिला डास. हा एडीस जातीचा, अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा आणि स्वच्छ सांठलेल्या पाण्यांत अंडीं घालणारा. महाड-पोलादपुराकडे वर्षास ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तरी उन्हाळ्यांत डोंगरावरच्या वाड्यांना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. म्हणजे पावसाळ्यांत करवंट्या, फुटके टायर, लांकडांवर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या आणि तुंबलेल्या पन्हळी, तर उन्हाळ्यांत पिंपें आणि हंडे. डासास बाराही महिने घर मिळतें. २२ जुलै २०२१ रोजीं महाडांत जो महापूर आला, तसल्या पुराच्या लोंढ्यांत डासाच्या अळ्या वाहून जातात खऱ्या. पण मागें जें भंगार राहतें, त्यांत पुढच्या सरींचें पाणी सांठून नव्या अळ्या तयार होतात. अंड्यापासून उडता डास होण्यास आठदहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस ठरवून सर्व भांडीं रिकामीं करावीं. नुसतीं उपडीं करून भागत नाहीं, आंतून घांसावीं. कारण अंडीं भांड्याच्या कडेस चिकटून राहतात आणि कोरडीं पडलीं तरी कित्येक महिने जगतात. जें पिंप रिकामें करतां येत नाहीं, त्यावर फडकें घट्ट बांधावें.

आम्ही निघालों तेव्हां सासूबाई सुनेस म्हणाल्या, "उद्यांपासून दूध मी उतरवीन." सून म्हणाली, "तुमचे गुडघे?" त्यावर धाकट्या दिरानें मोठ्यानें सांगितलें, कीं दूध आपणच उतरवूं, दोघींनींही चुलीजवळून बाजूस व्हावें. सर्व हंसले. यजमानांनीं आम्हांस अंगणापर्यंत पोंचवितांना हळूच विचारलें, "आतां इतक्या वर्षांनीं तिचे गुडघे दाखवून कांहीं उपयोग होईल काय?" आम्हीं सांगितलें, "इतक्या वर्षांनंतरची झीज वयाचीही असेल; पण दाखवावें. दोघींना एकाच दिवशीं घेऊन जा."

ताई, आपण मागितलेलें उत्तर तें हें. घरांतील सर्वांच्या वाचनांत येवो.